फुकटचा पाइप ऑर्गन, नऊ लाखांचा डिजिटल आणि वेस्ट्रीतली पायपेटी

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर तुम्ही चर्च दाखवलंत आणि निघताना म्हणालात, “काका, तोंडी नको, लिहूनच द्या. कमिटीत जसंच्या तसं वाचते, म्हणजे मी पदरचं घातलं असं कोणी म्हणायला नको.” म्हणून हा कागद. लांबलाय, दोन बैठकांत वाचा.

त्या दिवशी जे नव्हते त्यांच्यासाठी आधी प्रश्न मांडतो. इंदुरातलं तुमचं चर्च दगडी, जुनं, मंडळी दोनशेच्या आसपास. उपासना हिंदीत, महिन्यातून एक रविवार मराठीत. इतकी वर्षं साध्या कीबोर्डवर भागवलं, आता इमारतीच्या फंडातून वाद्यासाठी पैसे बाजूला पडलेत. मंडळीतल्या एकांचा मुलगा इंग्लंडला असतो. तिथल्या एका बंद पडलेल्या चर्चचा सहा रँकचा, म्हणजे पाइपच्या सहा रांगांचा, पाइप ऑर्गन त्याच्या ओळखीने फुकट मिळतोय, फक्त सोडवून इथे आणायचा. दुसरीकडे मुंबईच्या एका विक्रेत्याने दोन मॅन्युअलच्या (हातांनी वाजवायच्या दोन पट्ट्यांच्या रांगांच्या) डिजिटल ऑर्गनचं नऊ लाखांचं कोटेशन पाठवलंय. कमिटीत सरळ दोन तट पडलेत. पाळकसाहेब मधे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पाइप आणू नका. डिजिटल घ्या, पण कोटेशनमधला नको, आणि लगेच नको. त्याआधी वेस्ट्रीत, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीत, मेजाचा कपडा पांघरून ठेवलेली ती पायपेटी दुरुस्त करा. मी पाइपच्या विरोधातला माणूस नाही, हे मात्र लक्षात ठेवा. तरुणपणी मुंबईला एका म्हाताऱ्या गोवेकर कारागिराच्या हाताखाली तीन वर्षं पाइपच लावले. मग वडिलांचा पेट्यांचा धंदा सांभाळायला इथे इंदुरात रामबागेत परतलो. तेव्हापासून पेट्या, पायपेट्या आणि अधूनमधून चर्चचे ऑर्गन, हेच चाललंय.

एक घोळ सुरुवातीलाच निस्तरतो. आपल्या मराठी घरांत ‘ऑर्गन’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो संगीत नाटकातला, रंगमंचापुढे बसून पायाने भाता मारत वाजवायचा. तो पाइप ऑर्गन नव्हे. त्यात पितळी पात्या असतात, हार्मोनियमसारख्या. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ साली घेतलं, त्याच कुळातला तो. त्याला आपण पायपेटी म्हणू. पाइप ऑर्गन म्हणजे शेकडो बासऱ्या, एक भाता, आणि दोघांच्या मधे दारं उघडझाप करणारी लाकडी पेटी. एका रँकला साधारण ६१ पाइप, म्हणजे तुमच्या त्या फुकटच्या सहा रँकचे साडेतीनशेच्या वर. सगळ्यात मोठा आठ फुटांच्या पुढचा, सगळ्यात लहान पेन्सिलीएवढा. डिजिटलमध्ये यातलं काहीच नाही. कोणत्या तरी खऱ्या ऑर्गनचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून चिपमध्ये भरलेला असतो, आणि तो स्पीकरमधून येतो. आपल्याकडून गेलेला सगळ्यात प्रसिद्ध पाइप ऑर्गन चर्चमधला नाहीच मुळी. तो टिपूच्या त्या लाकडी वाघाच्या पोटात आहे, १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागलेला आणि पुढे लंडनला नेलेला.

आता पाइप का नको. पहिलं कारण उन्हाळा.

पाइपमध्ये हवा नाचते, आणि हवेतला आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. वेग वाढला की सूर चढतो. जानेवारीत सकाळी तुमच्या चर्चमध्ये आत १६ अंश धरा आणि मेच्या संध्याकाळी ३६. या वीस अंशांत साध्या पाइपचा सूर जवळपास ५८ सेंट चढतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धा सूर). पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर काळी एकपासून शेजारच्या पांढरी दोनपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्याहून जास्त. सगळे पाइप सारखेच चढले असते तर चाललं असतं, मंडळी थोडं वर गाईल. पण स्टॉप, म्हणजे ओढला की एका जातीचे पाइप बोलू लागतात ती खुंटी, त्यातले ट्रम्पेटसारखे पात्यांचे असतात, आणि पाती गरमीला तेवढी भीक घालत नाही. मग मे महिन्यात ट्रम्पेट एकीकडे आणि बाकीचा ऑर्गन दुसरीकडे. दोन्ही एकत्र ओढले की बैलगाडीचं चाक कुरकुरावं तसं ऐकू येतं.

दुसरं कारण लाकूड, आणि हे जास्त वाईट. इंदूरची हवा एप्रिल-मेच्या दुपारी २० टक्के आर्द्रतेच्या खाली जाते आणि श्रावणात ८५च्या वर. पाइपखालची ती पेटी, तिला विंडचेस्ट म्हणतात, सपाट फळ्यांची असते. फळी सुकली की फाटते. फाटली की एका सुराची हवा शेजारच्या भोकात शिरते आणि तुम्ही न दाबलेला सूर मागून कण्हत राहतो. पावसाळ्यात उलट: तीच फळी फुगते, पट्टी दाबली की वर येत नाही. इंग्रजांना हे ठाऊक होतं. हिंदुस्थानात पाठवायचे ऑर्गन ते मुद्दाम वेगळे बांधत, टिकाऊ लाकडाचे, सांधे नुसते सरसावर न ठेवता स्क्रूने आवळलेले. तुम्हाला मिळतोय तो ऑर्गन इंग्लंडच्या थंड, ओलसर हवेत शंभर वर्षं मुरलेला. त्याला इंदूरचा एकच मे महिना पुरे.

सूर अडकतो म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते मुंबईच्या एका जुन्या चर्चमध्ये. जुलै, धो धो पाऊस, लग्न. नवरी वडिलांचा हात धरून अर्ध्या वाटेवर आली आणि वरचा एक सूर बसला तो बसलाच. वादकाने हात उचलले, तरी तो एकटा सूर शिट्टीसारखा चालू. माझ्या त्या गोवेकर उस्तादांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी शिडीने ऑर्गनच्या पोटात शिरलो. आत अंधार, चामड्याचा आणि जुन्या सरसाचा वास, आणि दोन रांगांच्या मधे जेमतेम एक खांदा मावेल एवढी जागा. कान लावत लावत तो पाइप शोधला. पाइप उघड्या हाताने धरायचा नसतो, हाताच्या उबेनेही त्याचा सूर हलतो. म्हणून रुमालात धरून अलगद वर उचलला. शिट्टी थांबली, पण त्या रिकाम्या भोकातून हवा फुसफुसत राहिली. लग्न लागेपर्यंत तो तीन वितींचा पाइप मांडीवर घेऊन मी अंधारात बसून होतो. खाली कोणाला काही कळलं नाही. तुमच्याकडे असं झालं तर वर कोण चढणार, हे कमिटीने मला नाव घेऊन सांगावं. मुंबईच्या अलीकडे हे काम करणारा माझ्याशिवाय दुसरा माझ्या पाहण्यात नाही, आणि माझे गुडघे तुम्ही रविवारी पायऱ्यांवर पाहिलेत.

बाकीचे पाहुणे वेगळेच. तुमच्या खिडक्यांच्या जाळ्या फाटल्यात आणि पारवे आत येतात. कुंभारमाशीला पाइपचं तोंड म्हणजे तयार घर, ती चिखलाने ते लिंपून टाकते आणि पाइप मुका होतो. उंदराला भात्याचं चामडं आवडतं. वाळवीबद्दल तुम्हाला सांगायला नको, बाकांचे पाय तुम्हीच दाखवलेत.

‘फुकट’ या शब्दाबद्दल दोन ओळी. ऑर्गन फुकट असतो, कारण त्याची खरी किंमत तो सोडवण्यात, प्रत्येक पाइप कागदात गुंडाळून खोक्यात भरण्यात, जहाजाने न्हावाशेवाला आणून पुढे इंदूरजवळच्या पीथमपूरपर्यंत पोचवण्यात आणि पुन्हा उभा करण्यात असते. उभा करणारा कारागीर बाहेरून यावा लागेल आणि महिनाभर राहावा लागेल. शिवाय परदेशी देणग्यांचा २०१०चा कायदा फक्त पैशांना लागू नाही, वस्तूलाही लागू आहे. तुमच्या संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी चालू आहे का, हे आधी सीएला विचारा, मग त्या मुलाला हो म्हणा. आणि एक बारीक गोष्ट: जुन्या इंग्लिश ऑर्गनच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पुष्कळदा हस्तिदंत असतो. तो असेल तर खोकं कस्टममध्ये अडकेल. फोटो मागवा, पट्टीवर बारीक रेषा आणि मधे सांधा दिसतोय का पाहा.

पाइपवाल्या तटाचा एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मांडणाऱ्या आजोबांना मी मानतो. ते म्हणाले, डिजिटल वीस वर्षांत भंगारात जातो, पाइप पिढ्यान्पिढ्या टिकतो. बरोबर. स्वित्झर्लंडमध्ये सियोंच्या वालेर चर्चमधला ऑर्गन साधारण १४३५चा मानतात आणि तो आजही वाजतो. पण तो टिकला कारण प्रत्येक पिढीत त्याला हात लावणारा माणूस त्याच मुलखात होता. आपल्याकडे पाइप ऑर्गन जिथे चांगले आहेत, सिमल्याचं ख्राइस्ट चर्च किंवा कोलकात्याचं सेंट पॉल्स कॅथीड्रल, तिथे हवा वेगळी आहे किंवा मागे मोठी संस्था उभी आहे. तुमच्याकडे यातलं एकही नाही. तरीही पाइपचा हट्टच असेल तर तीन-चार स्टॉपचा, कपाटाएवढा, चाकांवरचा छोटा ऑर्गन असतो, त्याला पॉझिटिव्ह म्हणतात. पुढच्या पिढीच्या कमिटीने त्याचा विचार करावा. सहा रँकचा परका ऑर्गन नको.

आता डिजिटल.

‘ते खोटं असतं’ असं कमिटीत दोघे म्हणाले. हा वाद जुनाच आहे. हॅमंडचा विजेवरचा ऑर्गन १९३५मध्ये बाजारात आला आणि चर्चनी तो भराभर घेतला. पाइपवाल्यांनी आरडाओरडा केला, प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे गेलं. शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये परीक्षा ठेवली: पडद्याआड कधी मोठा पाइप ऑर्गन, कधी हॅमंड, ओळखा. ऐकणाऱ्यांमध्ये जाणकारही होते, तरी सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकली. शेवटी कमिशनने हॅमंडच्या जाहिरातीतले काही दावे बंद केले ते केलेच. आणि हे चाकं फिरवून आवाज काढणाऱ्या यंत्राचं. ॲलनने १९७१मध्ये पहिला डिजिटल चर्च ऑर्गन आणला, त्यानंतर गाडी फार पुढे गेली. आज चांगल्या डिजिटलचा एक सूर आणि पाइपचा एक सूर शेजारी ठेवले तर मलाही दोनदा ऐकावं लागतं.

फरक कळतो तो सगळं मिळून वाजतं तेव्हा. साडेतीनशे पाइप साडेतीनशे जागांवरून बोलतात, प्रत्येक आपापली हवा हलवतो. डिजिटलमध्ये तेच काम चार किंवा सहा स्पीकरांवर येतं. म्हणून डिजिटल घेताना पैसे कन्सोलवर, म्हणजे वादक बसतो त्या पट्ट्या-बटणांच्या मेजावर नाही, स्पीकरवर घालायचे. तुमच्या कोटेशनमध्ये उलटं आहे. ४६ स्टॉप, टच स्क्रीन, आणि आवाज मात्र कन्सोलच्या पोटातल्या स्पीकरमधून. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, “विद्यमान ध्वनियंत्रणेस जोडता येईल.” हे वाक्य खोडा. तुमची ध्वनियंत्रणा प्रवचनासाठी आहे. सोळा फुटी स्टॉपच्या (फूट म्हणजे त्याच्या सगळ्यात खालच्या पाइपची लांबी) सगळ्यात खालच्या सुराला सेकंदाला जेमतेम ३३ कंपनं असतात, ती त्या भिंतीवरच्या खोक्यातून निघतच नाहीत. मग पेडल, म्हणजे पायाने वाजवायची पट्टी, दाबला तर पायाखाली काही जाणवत नाही, ट्रान्झिस्टरवर लागलेल्या ऑर्गनसारखं कोरडं वाजतं, आणि लोक म्हणतात डिजिटल वाईट. डिजिटल वाईट नसतो, त्याचा गळा दाबलेला असतो.

त्यांना लिहा: वीस स्टॉप पुरेत. किंबहुना रविवारी तुम्हाला सहाच लागतील, पुढची नावं त्यांच्या आवाजांच्या जातींची. आठ फुटी प्रिन्सिपल, चार फुटी प्रिन्सिपल, आठ आणि चार फुटी फ्लूट, पेडलला सोळा फुटी बूर्डाँ, आणि सणासुदीला एक ट्रम्पेट. वाचलेल्या पैशांत बाहेरचे स्पीकर, निदान चार, आणि एक मोठा सबवूफर. ते गायकवृंदाच्या मागे उंचावर बसवायचे, तोंडं मंडळीकडे नाही तर थोडी भिंतीकडे-छताकडे, म्हणजे आवाज दगडावर आपटून मग खाली येईल. पेडलबोर्ड पूर्ण, ३० किंवा ३२ पट्ट्यांचा. १३ पट्ट्यांचा आखूड पेडल स्वस्त पडतो, पण त्यावर शिकलेलं मूल दुसऱ्या कुठल्याच ऑर्गनवर बसू शकत नाही.

तुमच्या चर्चचा आवाज मी रविवारी पाहिला तो दोनदा. उपासनेआधी रिकाम्यात टाळी वाजवली तर ती छतापर्यंत जाऊन सावकाश विरली, मन भरून आलं. भरल्यावर मागच्या बाकावरून पुन्हा ऐकलं तर तीच टाळी तिथल्या तिथे मेली. असंच होतं. एक बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो, दोनशे माणसं म्हणजे शंभर चौरस मीटर खिडकी उघडली समजा. म्हणून विक्रेत्याचा माणूस रिकाम्या चर्चमध्ये आवाज लावून गेला तर सही करू नका. त्याला रविवारी बोलवा, मंडळी बसलेली असताना स्टॉपचे आवाज लावून घ्या. आणि वेदीवरचं ते पीओपीचं खोटं छत, गेल्या दुरुस्तीत कोणाच्या तरी डोक्यातून आलेलं, ते काढता आलं तर ऑर्गनच्या खर्चातला निम्मा फायदा तिथेच मिळेल.

पंख्यांचं मात्र काही करता येणार नाही, चौदा मोजले मी. फिरत्या पात्यांमधून आवाज गेला की सूर थरथरतो, जणू कोणी ट्रेम्युलंट ओढून ठेवलाय. स्पीकर पंख्यांच्या पातळीच्या वर किंवा खाली ठेवा, त्या रेषेत नको. एवढी एक गोष्ट ऐकलीत तरी पुष्कळ.

आता मराठी रविवारबद्दल, कारण याचा विचार कमिटीत कोणीच केलेला दिसला नाही. तुमच्या हिंदी उपासनेतली इंग्लिश चालींची गीतं ऑर्गनवर सहज बसतात, ती मुळात चार सुरांच्या बांधणीची. पण त्या रविवारी तुम्ही टिळकांची गीतं गायलात. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ओवी-अभंग, कीर्तन हे सगळं ख्रिस्ती उपासनेत आणलं, ती गीतं टाळ-तबल्यावर आणि पेटीवर वाढलेली. त्यांच्यावर कोणी प्रिन्सिपल आणि मिक्श्चर (वरचे तीक्ष्ण सूर मिसळणारा स्टॉप) ओढून चार-चार सुरांचे गठ्ठे टाकले तर टाळांचा आणि मिक्श्चरचा झणत्कार एकमेकांत भांडेल आणि शब्द चिरडले जातील. तिथे आठ फुटी फ्लूट एकटा. डाव्या हातात षड्ज-पंचम धरून ठेवायचे, पेडलला नुसता खर्ज, उजव्या हाताने चाल, तीही एकेरी. मींड येणार नाही, ती गाणाऱ्यांची गाणाऱ्यांना सोडा. आणि ओळ संपली की हात उचलायचे. ऑर्गनला श्वास लागत नाही, मंडळीला लागतो.

इथे डिजिटलची एक सोय पाइपपेक्षा सरस आहे: पट्टी बदलण्याचं बटण. तुमच्या गायकवृंदात बायका जास्त, त्यांना काळी चार सोपी. पुरुषांचं भजन असलं की काळी एक. कीबोर्डवर शिकलेली पोरं पांढरी एकच्या पलीकडे चाचपडतात. बटण फिरवलं की बोटं तिथेच आणि सूर हवा तिथे. शुद्ध वादक याला नाक मुरडतात. मीही मुरडायचो. पण समोर दोनशे माणसं ताणून गाताना पाहिली की नाक आपोआप सरळ होतं.

वीज. हे मी माझ्या चुकीवरून सांगतोय. पंधरा वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका चर्चमध्ये मी डिजिटल ऑर्गन बसवून दिला, स्टॅबिलायझर लावला आणि निर्धास्त झालो. अर्थिंग तपासलं नाही, जुन्या इमारतीत ते कागदावरच होतं. जूनच्या पहिल्या वळवात शेजारच्या खांबावर वीज पडली आणि मुख्य बोर्ड जळाला. कंपनीने कळवलं की तो बोर्ड आता बनत नाही, पूर्ण संच बदला. वाद्य सहा वर्षांचं होतं. त्या मंडळीला मी आजही तोंड चुकवतो. तेव्हा तुमच्याकडे आधी नवीन अर्थिंग, मग सर्ज प्रोटेक्टर, मग ऑनलाइन यूपीएस, आणि पावसाळ्यात उपासना संपली की प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. स्पीकरच्या तारा लोखंडी नळीतून न्या, उंदीर प्लास्टिकची नळी कुरतडतात. सुटे भाग किती वर्षं मिळतील हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

तरुण मंडळींपैकी एकाने हाउप्टवेर्कचं नाव काढलं होतं. संगणकावर एखाद्या खऱ्या ऑर्गनचे सगळे नमुने चढवायचे आणि मिडी कीबोर्डवर वाजवायचे, तो प्रकार. ग्रँडऑर्ग नावाचं त्याच धर्तीचं फुकट सॉफ्टवेअरही आहे. आवाजात हे नऊ लाखांच्या कन्सोललाही मागे टाकू शकतं, मी ऐकलंय. घरी सरावाला उत्तम. पण चर्चमध्ये नको. ज्या पोराने ते बसवलं त्याला पुण्यात नोकरी लागते आणि लॅपटॉपचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो.

आणि वाजवणार कोण? रविवारी कीबोर्डवर होत्या त्या मावशी साठीच्या पुढच्या आहेत आणि त्यांच्याशिवाय दुसरं नाव पुढे आलं नाही. मंडळीतली दोन मुलं निवडा, आठवी-नववीतली, पियानोचं थोडं अंग असलेली. वाद्याच्या रकमेतून त्यांच्या तीन वर्षांच्या शिकवणीचे पैसे आधीच वेगळे ठेवा. डिजिटलला हेडफोन लागतो, म्हणजे ती संध्याकाळी येऊन पेडलवर कितीही चुकली तरी शेजारचे तक्रार करणार नाहीत.

म्हणूनच म्हटलं, डिजिटल आज नको. मुलांचे पाय पेडलपर्यंत पोचायला, अर्थिंग व्हायला आणि पीओपीवर कमिटीचं एकमत व्हायला दीड-दोन वर्षं जातील. तोपर्यंत काय? ती पायपेटी.

तुम्ही तिला अडगळ म्हणालात. मी कपडा बाजूला करून स्टॉप ओढले, दोन्ही पायांनी भाता मारला. धुळीचा लोट आला, आणि मधल्या सप्तकातले दोन सूर उमटले. दोनच, पण काय गोल! ती हवा आत ओढून वाजणारी अमेरिकन पद्धतीची पेटी आहे, आपली हार्मोनियम हवा बाहेर ढकलते. म्हणून तिचा आवाज मऊ. भात्याचं रबरी कापड कडक होऊन चिरलंय, ते बदलावं लागेल. पात्या पितळी आहेत, एकीलाही गंज नाही, नुसती धूळ अडकलीय. सूर उतरला असेल तर पातीच्या टोकाला किंचित घासायचं, चढला असेल तर बुडाशी. दोन-तीन पात्या तुटल्या असतील तर पालिताण्याच्या कारागिरांकडून तशा करून आणीन, गुजरातेतल्या त्या गावात पेटीच्या पात्यांचं काम चालतं. या सगळ्याला तुमच्या कोटेशनवरच्या जीएसटीएवढेही पैसे लागणार नाहीत. ऊन-पावसाने तिचा सूर पाइपसारखा पळत नाही, वीज लागत नाही, आणि टिळकांच्या गीतांना ती जन्माची सोबतीण. जुन्या पायपेट्या आजच्या ४४०च्या सुरात असतीलच असं नाही, ते मी मोजून कागदावर लिहून ठेवीन, म्हणजे पुढे डिजिटल आला की तो तिच्याशी जुळवून घेता येईल.

माझी मजुरी आधी ठरवू नका, उघडल्यावर सांगतो. शनिवारी सकाळी दहाला टेम्पो घेऊन येतो, दोन धडधाकट माणसं दाराशी असू द्या, ती दिसते त्यापेक्षा जड आहे. डाव्या पायपट्टीच्या मागे उंदरीण व्यालेली आहे, मला पिल्लं दिसली. तेवढी शुक्रवारपर्यंत हलतील असं काहीतरी करा.